टाक्याच्या कमानीवरचं नाव

रजब ७, शुक्रवार

नाव घेतलं नाही!

शुक्रवारचं प्रवचन द्यायला खतीब पायऱ्या चढला, देवाचं नाव घेतलं, पैगंबरांचं घेतलं, तबरीझच्या खानाचं घेतलं, आणि मग सरळ 'आमचे अमीर तोगान' म्हणून मोकळा झाला. मलेका सेविंज खातून, आमची राणी, हे नाव गिळलं. सतरा वर्षं दर शुक्रवारी ह्याच तोंडातून मधासारखं गळत होतं. गेल्या वर्षी तिनं मशिदीला नवे गालिचे दिले तेव्हा तर दोनदा घेतलं होतं मेल्यानं!

आम्ही बायका जाळीमागे. मी शेजारच्या कोकब खालाचा हात दाबला. तिनं माझाच उलटा दाबला, म्हणजे गप्प बस. पुढे पुरुषांच्या पाठी दिसत होत्या, चारशे तरी असतील. एक पाठ हलली नाही. आमच्या अनारदीजचे सगळे मर्द मूग गिळून बसले होते.

बाहेर पडल्यावर खालाला म्हटलं, ज्या सावत्र मुलाच्या नावानं हिनं राज्य सांभाळलं, तोच हिचं नाव पुसतो? खाला म्हणाली, "सहा वर्षांचा होता तेव्हा मंगोलांच्या छावणीत ओलीस धाडला. तेविसाव्या वर्षी खानाचं पत्र घेऊन परत आला. त्याला कुठली आई, पिरोजा? त्याला गादी दिसते."

दिसू दे. पण हिनं दर वर्षी त्याला इथून वाळवलेले जर्दाळू धाडले होते. दोन उंट भरून. ते खाताना दिसली नाही का आई?

रजब ८

बाबांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला? म्हणाले, "आश गार होतेय. खा."

रजब ११, मंगळवार

ख्वाजा असील येऊन गेला. दरबारचा कारकून. गेल्या महिन्यापर्यंत खातूनची फर्मानं हाच लिहायचा. आता अमीराची लिहितो. तीच दौत, तेच बोरू, तेच गोड हसणं!

आमच्या फरशांच्या कारखान्यात आला, झिलईच्या फरशांवरून पाय जपत चालला आणि बाबांच्या समोर कागद धरला. बाबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कागद काय दिसणार! मीच वाचला. टाक्याच्या कमानीवरची मधली पाटी उतरवायची. नवी बसवायची. मजकूर असा: 'हा भुयारी पाट आणि हे टाकं अमीर तोगान यांनी तहानलेल्यांसाठी बांधलं.'

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "बांधलं? पाट खणायला नऊ वर्षं लागली, ख्वाजा! डोंगरापासून इथवर. सुरुवात झाली तेव्हा तुमचे अमीर शिंगरावर बसायला शिकत होते. आयत्या बिळावर नागोबा!"

ख्वाजा बाबांकडे बघून म्हणाला, "उस्ताद बुंदार, तुमची मुलगी मध्ये बोलते."

"विधवा आहे," बाबा म्हणाले. "घरात भांडायला कोणी नाही. तुमच्यावर भागवते."

हसले दोघं. हसले!

मग ख्वाजानं समजावणीचा सूर लावला. "हे बघा, बाईमाणसाचं नाव असं चव्हाट्यावर. येणारे-जाणारे उंटवाले वाचणार. शोभतं का? खातूनच्या अब्रूचाच विचार आहे ह्यात." अब्रू! इतकी वर्षं तिचं पाणी पिताना अब्रू आडवी आली नाही. तिच्या पाण्यानं ह्याची डाळिंबाची बाग फळली तेव्हाही नाही.

शाबानच्या पहिल्या शुक्रवारी, नमाजानंतर, अमीरासमोर नव्या पाटीवरचा लेप धुवायचा. तेवढीच मुदत. जाता जाता दारात थांबला आणि अगदी सहज म्हणाला, "अमीर छावणीत वाढलेत, उस्ताद. तिकडे जो हात चुकतो तो हात ठेवत नाहीत. आणि पाटीखाली ज्याचं नाव, चूक त्याची. तेव्हा जपून."

बाबा म्हणाले, "हुकूम शिरावर."

एवढंच. हुकूम शिरावर!

रजब १२

झोप नाही आली. नक्षीच्या जुन्या कागदांच्या पाठी संपत आल्यात, तरी लिहिते. हे कुठे तरी सांगायलाच हवं.

टाक्याचं काम चालू होतं तेव्हा खातून एकदा कारखान्यात आली होती. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. बरोबर एक दासी आणि एक म्हातारा घोडेवाला, बस. जाडजूड बाई, गुडघे दुखत होते, उलट्या घातलेल्या मडक्यावर बसली. तिच्या नावाची ओळ फळीवर मांडलेली होती, लाजवर्दी निळ्यावर पांढरी अक्षरं, फरशीतून कापलेली. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "ही अक्षरं कुणी कापली?"

बाबा म्हणाले, "ह्या गुलामानं."

तिनं बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे. कानशीनं सोललेली, निळी झालेली. मी हात मागे घेतले.

"असं होय," ती म्हणाली. आणि हसायला लागली. "लाजू नकोस, पोरी. माझ्याही प्रत्येक फर्मानावर वर कुणा पुरुषाचंच नाव असतं. आधी नवऱ्याचं होतं, आता पोराचं आहे. काम करणारीनं काम करावं. पण ह्या टाक्यावर मात्र मी माझंच घालणार आहे. एकदा तरी!"

ती गेली. संध्याकाळी बाबा म्हणाले, "पुढच्या कमानीवर तुझं नाव घालू. उस्ताद बुंदारची मुलगी पिरोजा. शब्द दिला."

अकरा वर्षं झाली मी परत येऊन. नवरा विंचू चावून गेला, मी बापाकडे आले, आणि बाबांचे डोळे अधू होत गेले तशी एकेक अक्षर मी कापत गेले. गावात सगळे म्हणतात, म्हातारा डोळ्यांनी गेला पण हात काय आहे! हात माझा आहे. मी ऐकून घेते. त्या दिवसापासून मात्र रोज वाट बघतेय त्या 'पुढच्या कमानीची'.

आणि पुढची कमान ही! त्या चोराची!

रजब १५, शनिवार

आज पाटी उतरवली.

गवंड्यांनी छिन्नीनं चारी कडा सोडवल्या आणि दोरानं खाली घेतली. पाणी भरायला आलेल्या बायका घडे घेऊन भिंतीला चिकटून उभ्या. ख्वाजा असील छत्रीखाली. तो म्हणाला, "इथेच फोडा. सगळ्यांसमोर."

गवंडी एकमेकांकडे बघायला लागले. कोणी पुढे होईना. मला वाटलं, चला, ह्या गावात थोडी लाज शिल्लक आहे. तेवढ्यात बाबा म्हणाले, "हातोडा इकडे द्या."

आणि फोडली! ज्याला समोरचा माणूस दिसत नाही, त्यानं चाचपून एकेक अक्षर शोधलं आणि नेमका घाव घातला. सेविंज. खातून. माझी रात्रंदिवसाची मेहनत. मी किंचाळले बहुतेक. कोकब खालानं माझं तोंड दाबलं.

ख्वाजा खूश झाला. "इमानी माणूस!" म्हणाला.

सगळे गेल्यावर बायका पुढे झाल्या. एकेकीनं वाकून एकेक कपची उचलली आणि ओढणीच्या टोकाला बांधली. खालानंही उचलली, वाटाण्याएवढी निळी. म्हणाली, "नाव पुसलं म्हणून पाण्याची चव बदलणार आहे होय? चल, घडा भर."

बाबांशी आज बोलले नाही. जेवण वाढलं, पण बोलले नाही.

रजब १९, बुधवार

अमीर स्वतः आला होता कारखान्यात!

मी मनात राक्षस रंगवला होता. निघाला एक कोवळा, बारीक मिशांचा, अदबीनं वागणारा पोरगा. बाबांना 'बसून राहा' म्हणाला. कंटाळला होता. भिंतीवर नमुन्याच्या ओळी टांगलेल्या आहेत, तिथे गेला, बोटानं दाखवलं आणि म्हणाला, "माझं नाव छान दिसतंय."

ते त्याचं नाव नव्हतं. 'चपला बाहेर काढाव्यात' अशी ती ओळ होती, हमामखान्यासाठी केलेली.

ख्वाजा असीलनं डोळे मिटले आणि म्हणाला, "फारच शोभून दिसतं, अमीर."

तो गेल्यावर मला हसू आवरेना. पळत्या कोल्ह्याला बाण मारतो म्हणे, पण आमची अक्षरं त्याला कावळ्याच्या पावलांसारखी! हसता हसता रडू आलं. खातून वाचायची. बोट न लावता, सरळ, भरभर वाचायची. पत्रांतल्या चुका काढायची. आणि तिला काढून हा बसला.

"ह्याला कशाला वाचता यायला हवं," बाबा म्हणाले. "वाचणारे ठेवलेत ना पदरी."

रजब २०

एक कल्पना आली आहे.

आमचं काम पालथं असतं. तुकडे तोंड खाली करून मांडायचे, पाठी वर. वरून गच, म्हणजे आमचा चुन्याचा गिलावा, ओतायचा. वाळला की अख्खी पाटी उचलून कमानीत बसवायची. बसवतानाही तोंडावर चुन्याचा पातळ लेप असतो, तो शेवटी सगळ्यांसमोर धुवायचा. म्हणजे मांडल्यापासून धुवेपर्यंत पाटीचं तोंड कुणालाही दिसत नाही! ख्वाजा तपासेल ते मांडायच्या आधी, फळीवर. त्यानंतर मी काय मांडते ते त्याला काय कळणार? मातीच्या पाठी सगळ्या सारख्याच.

आणि कापायचीही गरज नाही. नावाची ओळ आम्ही नेहमी दोनदा कापतो, बाबांच्या बाबांपासूनचा रिवाज आहे. गोफणीचा दगड लागतो, थंडीनं तडा जातो, तेव्हा नाव तसंच्या तसं परत बसवता यावं म्हणून. दुसरी जोडी पेंढ्यात घालून पेटीत ठेवतात. खातूनच्या नावाचीही आहे. माझ्या हातानं ठेवली आहे!

अमीराला वाचता येत नाही. ख्वाजानं एकदा 'बरोबर' म्हणून शिक्का मारला की त्याला चूक म्हणायला तोंड नाही. म्हटलं तर त्याचंच डोकं जाईल.

मी करणार. करणारच.

रजब २१, शुक्रवार

पेटी रिकामी आहे.

पेंढा आहे, जोडी नाही. बाबांना विचारलं. सुपारीएवढा दगड घासत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "होती खरी. आता नाही. कुणी शोधायला आलं तर नाही म्हणता यावं."

म्हणजे तीही फोडली. इमानी माणूस! हुकूम एक फोडायचा आला, ह्यांनी फोडल्या दोन.

लहानपणी हेच बाबा माझे डोळे फडक्यानं बांधायचे आणि हातात तुकडे द्यायचे. "बोटांनी वाच," म्हणायचे. "कडा सांगते शेजारी कोण ते." मला वाटायचं ह्यांच्यासारखा माणूस नाही जगात. त्याच बोटांनी चाचपून हे फोडत बसलेत.

हरकत नाही. आठ दिवसांत परत कापीन. अमीराचं नाव दिवसा, तिचं पहाटे. मला कुणाची गरज नाही.

रजब २४, सोमवार

खातून वारली. मंगोलांच्या छावणीकडे नेत होते, त्या वाटेवर. खरबूज बाधलं म्हणतात.

खरबूज!

रजब २५

गावात सगळे 'खरबूज' म्हणतायत आणि एकमेकांकडे बघत नाहीत. बाजारात आज एकही खरबूज विकलं गेलं नाही. फळवाल्यानं शेवटी गाढवांना घातली.

खतीबानं तिच्यासाठी फातिहा म्हटला, पण नाव न घेता. 'एक नेक स्त्री.' एक! जसं काही डझनभर पडल्या होत्या गावात!

संध्याकाळी बाबा ओसरीवर हात धूत होते. मी पाणी घालत होते. त्यांचे हात बघितले. म्हातारे, गाठाळलेले, नखांत निळं भरलेलं. ते गेलेच माझ्या वेडेपणापायी, तर? पाटीखाली ज्याचं नाव, चूक त्याची. ज्यांनी तिला खरबूज चारलं ते एका कारागिराचं मनगट तोडताना विचार करतील?

मी ठरवलं होतं ते रद्द. भित्री आहे मी. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच मला फसवायला नको.

रजब २९, शनिवार

अमीराचं नाव कापून झालं. रिवाजाप्रमाणे दोनदा.

चांगलं झालंय. माझ्या हातून इतकं चांगलं काही झालेलं नाही. प्रत्येक कडा शेजारच्या कडेला अशी लागते की मध्ये केस जाऊ नये. ह्याचाच संताप येतो! वाकडं कापायला बसले तरी हात वाकडं कापत नाही. खातूनच्या नावात एके ठिकाणी कमी पडले होते, ती चूक इथे सुधारली गेली. चोराच्या नावात!

बाबांनी बोटं फिरवली. "तुझं सगळ्यात चांगलं काम," म्हणाले. थुंकावंसं वाटलं.

शाबान ३, बुधवार

खूप लिहायचं आहे आणि हात रागानं चालत नाही.

सकाळी ख्वाजा असील आला. मी फळीवर तुकडे सुलटे मांडून दाखवले. त्यानं कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, तीन वेळा, घाम पुसत. मग कागदावर लिहिलं, 'तपासलं, बिनचूक', आणि शिक्का मारला. त्याच्यासमोरच मी तुकडे उलटे करून चौकटीत मांडले.

खालची ओळ कारागिराची. 'हे काम उस्ताद बुंदारचं.' तीही मांडली. आणि तिच्या शेजारी, ख्वाजा पिस्ते सोलत होता तेवढ्यात, मी आणखी सात तुकडे ठेवले. 'आणि त्याची मुलगी पिरोजा.' दोन वर्षांपूर्वी कापून ठेवलेले, वितीएवढ्या पिशवीत. मला माहीत आहे काय पाटी आहे ती. तिच्यावर नाव असणं काही मानाचं नाही. पण वाटलं, नाव त्याचं असलं तरी अक्षरं माझी आहेत. एवढी मान खाली घातली, त्याचं एवढं तरी मिळावं. आणि शब्द दिला होता ना!

बाबा आले. चौकटीवर वाकले आणि पाठींवरून बोटं फिरवली. वरच्या ओळीवरून भराभर, खालच्या ओळीवर आले आणि थांबले. सात तुकडे. एकेक करून उचलले आणि माझ्या ओंजळीत टाकले.

"हे काढ."

"बाबा, शब्द दिला होतात."

"ह्या खेपेला नाही. ह्या खेपेला फक्त माझं."

ख्वाजा हसला. "बरोबर आहे, उस्ताद. बायकांची नावं कमानीवर नकोत, हेच तर चाललंय."

माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्ही आणि तो तोगान, एकाच माळेचे मणी! तिनं खणलं, त्याचं नाव. मी कापलं, तुमचं नाव. त्यानं निदान खानाचं पत्र तरी आणलं, तुम्हाला तर तेही लागलं नाही! अकरा वर्षं तुमचे डोळे झाले मी. डोळ्यांना कुठे नाव असतं!"

बाबांचा चेहरा पांढरा पडला. वाटलं, मारतील. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "झालं बोलून? आता बाहेर हो. ख्वाजा, तुम्हीही. गच ओतायचा आहे."

गच उस्ताद एकटा ओततो, उपाशीपोटी, दार लावून. पाहणाऱ्याची नजर लागली तर तडा जातो म्हणतात. तो रिवाज मोडत नाही कुणी. ख्वाजाही उठला, अपशकुनाला तो फार भितो. दाराला आतून कडी लागली.

दुपार सगळी उंबऱ्यावर बसले. ख्वाजा माझेच पिस्ते खाऊन भिंतीला टेकून घोरला. आतून काही ऐकू येत नव्हतं, फक्त मधूनच टिक, टिक. फरशीला फरशी लागल्यासारखं. म्हटलं, म्हातारा परत परत चाचपतोय, चोराच्या नावात कुठे फट राहू नये म्हणून! एवढा वेळ गच ओतायला कधीच लागत नाही. बाहेर आले तेव्हा उन्हं कलली होती, चेहरा घामानं निथळत होता. भिंतीला धरून उभे राहिले.

पाणी मागितलं. मी दिलं नाही. ख्वाजानं दिलं.

शाबान ४, गुरुवार

पाटी चढवली. लेप आहे, पांढरी फटक दिसते. मी खालीच उभी होते, दोर सुटला तर बरं असं मनात आलं.

ते सात तुकडे उशाखाली ठेवलेत. उद्या जाणार नाही. खाला म्हणाली, "बापाला हाताला धरून कोण नेणार?" म्हटलं, अमीर नेईल! खाला म्हणाली, "जिभेला हाड नसतं, पोरी, पण बापाच्या काळजालाही नसतं." मी दार लावून घेतलं.

पण एक लिहून ठेवते. माझं नाव नाकारायचा हक्क माझा होता. 'नको, ह्या घाणीवर नको' असं मी म्हणायचं होतं. तेही त्यांनीच म्हटलं. बाईला नाही म्हणायलाही पुरुष लागतो ह्या गावात!

शाबान ५, शुक्रवार

गेलेच मी. बाबांना हाताला धरून नेलं. म्हातारा एकटा निघाला होता, भिंत चाचपत.

अमीर घोड्यावर. ख्वाजा शेजारी. गवंड्यानं टाक्यातलं पाणी घड्यानं ओतलं, लेप ओघळला, निळं दिसलं, मग पांढरं.

सेविंज खातून.

बायका हलल्या नाहीत. पहिल्यांदा चारशे पाठी हलल्या. ख्वाजा असीलचा चेहरा चुन्यासारखा झाला. अमीर म्हणाला, "वाच." ख्वाजानं खणखणीत आवाजात वाचलं, "अमीर तोगान!" अमीरानं मान डोलावली. खतीब खोकला. बाकी कुणी हूं की चूं केलं नाही.

बाबांनी हळूच विचारलं, "नीट बसलंय?"

"बसलंय."

"खालची ओळ?"

घरी येऊन पेटी उघडली. पेंढ्यात अमीराचं नाव होतं. दोन्ही जोड्या.

खालच्या ओळीत फक्त उस्ताद बुंदार आहे. माझं नाव कुठेच नाही.